लोहचुंबकाचे दुसरे टोक

आमच्या लहानपणी घरात एक लोहचुंबक होता. बोटाएवढा लांब, चौकोनी, एक टोक तांबडे रंगवलेले आणि दुसरे पांढरे. तो कोणी आणि कुठून आणला होता हे आता सांगता यायचे नाही. पण माझ्यात आणि धाकट्या बहिणीत त्याच्यावरून जेवढी भांडणे झाली तेवढी पुढे कशावरूनही झाली नाहीत. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते. तीत चुंबक फिरवला की त्याच्या दोन्ही टोकांना काळ्या कणांच्या दाट मिशा फुटत, आणि मधला भाग मात्र कोराच राही. एके दिवशी भांडण विकोपाला गेले. मला तांबडे टोक आणि तिला पांढरे, अशी वाटणी ठरली आणि चुंबक पाट्यावर आपटून आम्ही त्याचे दोन तुकडे केले. वाटणी अगदी न्याय्य झाली होती. पण संध्याकाळी वाळूत तुकडे फिरवून पाहतो तो काय! माझ्या तुकड्याला तांबड्या टोकाशी मिशा होत्याच, पण जिथे तो मोडला होता तिथेही तेवढ्याच दाट मिशा उगवल्या होत्या. बहिणीच्या तुकड्याचीही तीच गत. "दादा, तू माझे पांढरे टोक चोरलेस," असा तिने आरोप केला. उलट मीही तोच आरोप तिच्यावर करू शकलो असतो, हे त्या वेळी सुचले नाही.

या तंट्याचा निकाल साडेसातशे वर्षांपूर्वीच लागून गेलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. इ. स. १२६९ चा ऑगस्ट महिना. आपल्याकडे देवगिरीवर महादेवराव यादव राज्य करीत होता. तिकडे दक्षिण इटलीतील लुचेरा या शहराला वेढा पडला होता आणि वेढा घालणाऱ्या सैन्याच्या तळावर पीटर नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. गाव मारिकूर, आणि नावापुढे 'पेरेग्रिनस', म्हणजे यात्रेकरू, अशी उपाधी. वेढ्याचे काम मोठे कंटाळवाणे असते. त्या रिकामपणामुळे म्हणा की आणखी कशाने, या यात्रेकरूने ८ ऑगस्ट रोजी आपल्या एका मित्राला लोहचुंबकाविषयी एक लांबलचक पत्र लिहिले. शहर पडले, राजे गेले, सैन्ये गेली, पत्र राहिले.

पीटरने चुंबकी दगडाचा एक गोळा घासूनपुसून वाटोळा केला होता. त्या गोळ्यावर तो एक बारीक सुई ठेवी. सुई ज्या दिशेला स्थिर होईल त्या दिशेने रेघ ओढी. मग सुई उचलून दुसरीकडे ठेवी, पुन्हा रेघ ओढी. अशा पुष्कळ रेघा झाल्यावर त्याला दिसले की, पृथ्वीगोलावरील रेखांशांप्रमाणे त्या सगळ्या दोन बिंदूंपाशी जाऊन मिळतात. या बिंदूंना त्याने ध्रुव म्हटले. त्याच पत्रात त्याने हेही लिहून ठेवले की, चुंबक मोडून दोन केला तर एकेका ध्रुवाचे दोन तुकडे मिळत नाहीत. दोन-दोन ध्रुवांचे दोन संपूर्ण चुंबक मिळतात. आमच्या पाट्यावरचा निकाल तो हाच.

वाचकांनी पीटरच्या गोळ्यावरची ती सुई नीट लक्षात ठेवावी. न दिसणारी वस्तू सुईने जागोजाग चाचपून तिचा नकाशा काढायचा, ही त्याची रीत. आज संगणकाच्या तबकडीवरील चुंबकी खुणा पाहण्यासाठी शास्त्रज्ञ जे यंत्र वापरतात त्याची रीत हीच आहे. सुई तेवढी बदलली. ती किती बदलली आणि का बदलावी लागली, हीच पुढची सगळी हकिकत आहे. तिच्यातली खरी अडचण मात्र आमच्या भांडणातलीच. चुंबकाला नेहमी दोन टोके असतात, आणि चाचपताना आपल्याला एकच हवे असते.

ही अडचण प्रथम ज्याला पुरेपूर जाणवली तो चार्ल्स कूलॉम्ब हा फ्रेंच लष्करी इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याच्या कामात त्याची कित्येक वर्षे आणि सगळी प्रकृती खर्ची पडली. परत आल्यावर तो होकायंत्राच्या सुयांच्या मागे लागला. सुई टेकणावर ठेवली की घर्षणाने अडते. म्हणून त्याने ती धाग्याने टांगली. टांगलेल्या धाग्याला पीळ बसतो तेव्हा तो उलट जोर करतो, आणि त्या पिळावरून अगदी नाजूक जोरही मोजता येतो. या एका कल्पनेतून १७८५ साली त्याचा तो प्रसिद्ध 'पिळाचा तराजू' तयार झाला. विजेच्या दोन भारांमधील जोर त्याने त्यावर मोजला हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील जोरही त्याने मोजला, हे तितके आठवत नाही.

विजेच्या बाबतीत एक बरे असते: एका गोळ्यावर धन भार आणि दुसऱ्यावर ऋण, अशी वाटणी करता येते. ध्रुवांची अशी वाटणी होत नाही. मग एका ध्रुवाचा जोर मोजायचा कसा? दुसरा ध्रुव शेजारीच बसून उलटा जोर करणार! कूलॉम्बने युक्ती काढली ती इतकी सोपी आहे की ऐकून हसू यावे. त्याने सुमारे दोन फूट लांबीची बारीक पोलादी सुई घेतली. एक टोक तराजूपाशी, दुसरे दोन फूट लांब. ध्रुवांमधील अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो. मोजायचा ध्रुव दोन इंचांवर असेल आणि नको असलेला चोवीस इंचांवर, तर अंतर बारापट झाले आणि त्या नकोशा टोकाचा जोर एकशे चव्वेचाळिसावा उरला. दुसरे टोक मोडता येत नाही, तर निदान त्याला लांब बसवावे! घरातल्या तंटेखोर पाहुण्याला ओटीवर बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एका पाहुण्याचा हिशेब कूलॉम्बला करावा लागला, तो म्हणजे खुद्द पृथ्वी. तिचेही चुंबकत्व सुईला ओढतेच. ते वजा केल्याशिवाय मोजणी खरी ठरेना. मोजणाऱ्याच्या आजूबाजूचे चुंबकत्व हा या शास्त्रातला कायमचा ताप आहे. आपल्या मुंबईला त्याचा अनुभव आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. पुढे शहरात विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या तारांतून वाहणारी वीज नाजूक सुयांना हैराण करणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकी उपकरणांसाठी खाडीपलीकडे अलिबाग निवडले. १९०४ साली तिथे काम सुरू झाले. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे जोडीने नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याशी जुळावा; आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा सुया समुद्रापलीकडे सुखरूप पोहोचलेल्या होत्या. अलिबागेच्या किनाऱ्यावर कुलाब्याचा किल्ला पाहायला जाणाऱ्या मंडळींपैकी थोड्यांनाच या शेजारच्या वेधशाळेची माहिती असते.

* * *

येथवर चुंबकाची शक्ती मोजली गेली; ती दिसली मात्र नव्हती. ती लोकांच्या डोळ्यांना दाखवली मायकेल फॅरडेने. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरवायचा आणि टिचकी मारायची. कीस आपोआप कमानीकमानींनी रांगोळीसारखा मांडला जातो. फॅरडे ही रांगोळी मेण किंवा गोंद लावलेल्या कागदावर कायमची पकडून ठेवी. पण किसाचा एकेक कण चांगला डोळ्यांना दिसण्याएवढा. त्याहून बारीक नक्षी त्याला कशी दाखवता येणार? जाड कुंचल्याने तांदळावर अक्षर काढता येत नाही.

आणि बारीक नक्षी असली पाहिजे, असे म्हणण्याची पाळी लवकरच आली. प्रश्न असा होता: लोखंडाचा प्रत्येक अणू जर चिमुकला चुंबक आहे, तर घरातला खिळा, कोयता, तवा हे सारे चुंबक का नाहीत? झुरिचमध्ये प्राध्यापक असलेल्या पिअर वाइस यांनी १९०७ साली यावर विचार मांडला. लोखंडातले अणू एकमेकांना धरून एका दिशेला तोंड करतातच. पण सगळे लोखंड एका दिशेला नव्हे. त्याचे लहान लहान प्रांत पडलेले असतात. एका प्रांतातले सगळे उत्तरेकडे तोंड करून, शेजारच्यातले सगळे दक्षिणेकडे. बाहेरून पाहणाऱ्याला एकाची ओढ दुसऱ्याने फिटलेली दिसते आणि खिळा निमूटपणे खिळाच राहतो. चुंबक जवळ आणला की अनुकूल प्रांत शेजाऱ्यांचा मुलूख बळकावून वाढतात आणि खिळा चुंबक होतो.

मोठा सुंदर विचार. पण हे प्रांत कोणी पाहिले होते? कोणीच नाही. वाइस यांनी ते मानले, कारण मानल्यावाचून हिशेब लागत नव्हता. चोवीस वर्षे चुंबकशास्त्राची इमारत या न पाहिलेल्या पायावर उभी होती. मध्यंतरी, १९१९ साली, जर्मनीत बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचे वेटोळे गुंडाळले, ते ध्वनिवर्धकाला जोडले आणि चुंबक हळूहळू जवळ आणला. तेव्हा कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट ऐकू आला. काहीतरी आत झटक्याझटक्याने उलटते आहे, एवढे कानांना कळले. डोळे अजून कोरेच होते.

ते उघडले १९३१ साली. अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फ्रान्सिस बिटर यांनी फॅरडेचीच रांगोळी घातली. फक्त कीस बदलला. लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड द्रवात कालवून त्यांनी ती घासून लख्ख केलेल्या धातूवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पूड ठरावीक रेषांवर गोळा झाली होती. त्याच वर्षी जर्मनीत हामोश आणि थीसेन यांनीही असाच प्रयोग केला. पुढे १९३५ साली सोव्हिएत संघात लांडाउ आणि लिफ्शिट्झ यांनी प्रांत कसे पडावेत याचे गणित मांडले, आणि १९४९ साली बेल प्रयोगशाळेतील विल्यम्स, बोझॉर्थ आणि शॉकली यांनी सिलिकॉनमिश्रित लोखंडाच्या स्फटिकावर ते गणित पुडीच्या रेषांशी पडताळून दाखवले. वाइस यांचे प्रांत खरे होते.

बिटर यांच्या पुडीने मात्र फक्त सीमा दाखवल्या. जिथे दोन प्रांत भेटतात तिथे चुंबकत्व बाहेर सांडते आणि पूड तिथे जाऊन बसते. प्रांताच्या आत कोणाचे तोंड कुठे आहे ते ती सांगत नाही. प्रकाशाने पाहण्याची एक रीत केर यांनी १८७० नंतरच्या दशकात शोधली होती आणि तिने तोंडेही दिसतात. पण प्रकाशाच्या लाटेपेक्षा फार बारीक असे काही प्रकाशाला दिसत नाही. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाने बारीक दिसते, पण त्यासाठी नमुना कागदाहून कितीतरी पातळ करावा लागतो. या दोन्ही रीतींनी मोठी कामे केली आहेत. आपल्याला सुईकडे परत जायचे आहे.

सुईची गरज का भासली? १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने रॅमॅक नावाचे एक धूड बाजारात आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चुंबकी तबकड्या एकावर एक. सगळ्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. एका चौरस इंचात दोन हजार खुणा, म्हणजे एकेक खूण खसखशीच्या दाण्याच्या हिशेबातली. तिला पाहायला फॅरडेचा कीसही कदाचित पुरला असता. पण त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत याच व्यवसायाने एका चौरस इंचात एक लाख कोटी खुणा बसवल्या. त्या हिशेबाने एका खुणेच्या वाट्याला पंचवीस नॅनोमीटर लांब-रुंद जागा येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोक्याच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. घरातल्या लग्नाचे फोटो आणि आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज असल्या खुणांवर सोपवून आपण निर्धास्त झोपतो. ती खूण नीट उमटली की नाही, शेजारच्या खुणेने तिचा मुलूख बळकावला की नाही, हे पाहायला त्याहून बारीक डोळा हवा.

* * *

१९८१ साली झुरिचजवळच्या आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी पीटर यात्रेकरूची रीत पुन्हा शोधून काढली, असे मी म्हणेन. एक तीक्ष्ण सुई पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल इतकी खाली आणायची, ओळीओळीने फिरवायची, आणि तिला काय जाणवले त्याचा नकाशा काढायचा. त्या यंत्राला सुई आणि नमुना यांमधून वीज वाहावी लागे. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी तीही अट काढून टाकली. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या चिमुकल्या पट्टीला हिऱ्याची कणी चिकटवून त्यांनी अशी सुई केली की, पृष्ठभाग तिला ढकलतो की ओढतो तेच मोजायचे. कूलॉम्बचा धागा पिळला जाई, ही पट्टी वाकते, तत्त्व तेच. पट्टी वाकते ती इतकी थोडी की, तिच्या पाठीवर प्रकाशाचा झोत पाडून तो किती हलला यावरून ते ओळखायचे, ही सोय पुढे सर्वत्र झाली.

मग सुई चुंबकाचीच केली तर? १९८७ साली आय. बी. एम. मधील ईव्ह मार्टिन आणि मूळचे श्रीलंकेचे कुमार विक्रमसिंघे यांनी तसे करून चुंबकत्वाचे चित्र काढले. त्यातला बारकावा शंभर नॅनोमीटरचा होता. त्याच वर्षी माद्रिद आणि बाझेल येथील मंडळींनीही आपले असेच काम छापले. पुढे या यंत्राला दोन फेऱ्यांची शिस्त लागली. पहिल्या फेरीत सुई पृष्ठभागाचे उंचसखल चाचपते. दुसऱ्या फेरीत ती तेच चढउतार तंतोतंत पाळीत, पण थोडी वर उचललेली अशी जाते. त्या उंचीवर पृष्ठभागाचा स्पर्श पोहोचत नाही, चुंबकाची ओढ तेवढी पोहोचते. थरथरत्या पट्टीची लय त्या ओढीने किंचित बदलते, आणि त्या बदलातून काळे-पांढरे चित्र उमटते. तबकडीवरच्या खुणा पट्ट्यापट्ट्यांच्या लुगड्यासारख्या पडद्यावर येतात.

हे सगळे खरे. पण चित्रावर विश्वास किती ठेवायचा? सर्रास वापरली जाणारी सुई म्हणजे सिलिकॉनचा सुळका, त्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा मुलामा. मुलामा सुळक्याच्या टोकावर असतो तसाच चारी अंगांवर असतो. तेव्हा चाचपते कोण? टोक, की त्याच्या वरची उतरती बाजू, की दोन्ही? एकाच वेळी पाच जण बोलू लागले म्हणजे साक्ष घेणाऱ्याची जी अवस्था होते ती येथे शास्त्रज्ञाची होते. त्यातून सुई स्वतः चुंबक. जोरदार केली तर जी खूण पाहायला जावे तीच ती उलटवून टाकते. बेताची केली तर तबकडीच तिला उलटवते, आणि अर्ध्या चित्रानंतर काळ्याचे पांढरे होते. पाहण्याच्या क्रियेने पाहायची वस्तू बिघडावी, यासारखी फजिती नाही. म्हणजे सुई हवी ती अशी: जाडीला अत्यंत बारीक, चुंबकत्व थोडे, पण ते पक्के, आणि दुसरे टोक लांब. कूलॉम्बची दोन फुटी सुई एखाद्या विषाणूहूनही बारीक करून कोणी दिली तर!

ती काजळीतून आली. दिवाळीत पणतीच्या वर जी काजळी धरते ती कार्बनची. कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत बसतात, आणि ती जाळी गुंडाळून नळी होऊ शकते. अशा बारीक तंतूंची छायाचित्रे १९५२ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी छापली होती. १९७६ साली जपानच्या एंडो यांनीही तसे तंतू दाखवले होते. जगाचे लक्ष गेले ते मात्र १९९१ साली, जेव्हा सुमिओ इजिमा यांनी विजेच्या ठिणगीने कार्बनच्या कांडीवर जमलेल्या थरात एकात एक बसलेल्या नळ्या पाहिल्या. यांना नॅनोनळ्या म्हणू. जाडी काही नॅनोमीटर, लांबी त्याच्या शेकडो-हजारो पट. ताणाला पोलादाहून चिवट, आणि वाकवली तर वेतासारखी वाकून पुन्हा सरळ होणारी.

येथे एका गोष्टीचा मोह आवरत नाही. २००६ साली ड्रेस्डेनच्या पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा तुकडा तपासला, तेव्हा त्या पोलादात त्यांना नॅनोनळ्या आणि त्यांच्यात गुरफटलेल्या लोह-कार्बनाच्या तारा आढळल्या. असल्या तलवारी ज्या पोलादाच्या होत ते 'वूट्झ' पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जाई. हे वाचून आपल्यापैकी काहींची छाती लगेच फुगेल. फुगू द्यावी, पण त्या लोहाराला आपण काय करतो आहोत याची नळ्यांच्या बाजूने काही कल्पना नव्हती. त्याला धार ठाऊक होती, आणि तेवढे त्याला पुरेसे होते.

सुईच्या टोकाला नळी बसवण्याचा पहिला मान टेक्सासमधील राइस विद्यापीठाकडे जातो. रिचर्ड स्मॉली यांच्या प्रयोगशाळेत होंगजिए दाय आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सिलिकॉनच्या सुळक्याला थोडासा गोंद लावून त्यावर नळी चिकटवली; साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहत, हाताने. एवढ्या महान शास्त्रात गोंद लागतो, हे वाचून मला तरी फार बरे वाटले. नळीचे वैशिष्ट्य असे की, ती खोल खाचेत सरळ उतरते, जिथे जाडजूड सुळका अडकतो. आणि आपटली तर तुटत नाही, लवते. परंतु कार्बनला चुंबकत्व नाही. ती डोळस काठी झाली, चुंबकी सुई झाली नाही.

चुंबक करण्याचे तीन मार्ग निघाले. जपानमध्ये ओसाका प्रांताच्या विद्यापीठात आरिए, नाकायामा आणि मंडळींनी २००० साली, टोकाशी धातूचा कण असलेली नळी वापरली. काडेपेटीच्या काडीला गूल असते तशी. दुसरा मार्ग मुलाम्याचा. तेच होंगजिए दाय पुढे स्टॅनफर्डला गेले, आणि तेथे कॅथरीन मोलर यांच्या गटाबरोबर २००४ साली धातूचा मुलामा दिलेल्या नळीने, खास बनवून घेतलेल्या तबकडीचे चित्र घेतले. त्यातला बारकावा वीस नॅनोमीटरचा होता. मार्टिन आणि विक्रमसिंघे यांच्या चित्राच्या पाचपट बारीक.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो. ड्रेस्डेन येथील लाइब्निट्झ संस्थेत विंकलर, म्यूल, वोल्नी प्रभृतींनी नळी बाहेरून न मढवता आतून भरली. फेरोसीन नावाच्या पदार्थात लोह आणि कार्बन दोन्ही असतात. तो तापवून त्याची वाफ केली की नळी वाढता वाढताच तिच्या पोटात लोखंडाची तार तयार होते. एका बाजूने कार्बनचे म्यान, आत लोखंडाचे पाते. म्यानामुळे लोखंड गंजत नाही. इतकी बारीक उघडी तार हवेत गंजून केव्हाच संपली असती. तार लांब आणि सडपातळ असल्यामुळे तिचे चुंबकत्व लांबीच्या दिशेने पक्के बसते, सहजासहजी उलटत नाही. २००६ साली या सुईने काढलेली चित्रे छापून आली.

आता हिशेब करून पाहू. समजा, तार वीस नॅनोमीटर जाड आणि पाच हजार नॅनोमीटर लांब आहे. जाडी शेवईएवढी धरली, तर लांबी वीतभर होईल. ती नमुन्यावर पन्नास नॅनोमीटर उंचीवर धरली, तर जवळचे टोक पन्नासावर आणि लांबचे पाच हजारांवर. अंतर शंभरपट, म्हणून त्या दुसऱ्या टोकापाशी पोहोचणारा खुणेचा प्रभाव, कूलॉम्बच्या नियमाने एकेका ध्रुवाचा हिशेब धरला तरी, दहा हजारांश. व्यवहारात ते टोक नाहीच! राहतो तो एकटा ध्रुव. २०१० साली वोल्नी आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला: ही सुई जवळजवळ एकाच ध्रुवासारखी वागते, म्हणून तिच्या चित्रावरून चुंबकत्व कुठे आहे एवढेच नव्हे, तर ते किती आहे हेही आकड्यांत सांगता येते. सुळक्याच्या सुईला हे साधणे कठीण, कारण तिचा ध्रुव नेमका कुठे आहे हेच ठरत नाही. पाच जणांऐवजी एकच साक्षीदार बोलू लागला.

मग प्रयोगशाळांतून सगळीकडे याच सुया आल्या काय? नाही. मुलाम्याचा सुळका कारखान्यात शेकड्यांनी तयार होतो. लोखंड भरलेली नळी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडायची, चिमट्यासारख्या यंत्राने उचलायची, सुळक्यावर सरळ उभी करायची आणि कार्बनच्या ठिपक्याने डकवायची. जरा तिरकी बसली की चित्र तिरके. रोजच्या कामाला लोक अजून मुलाम्याचीच सुई घेतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. दरम्यान दुसराच एक प्रतिस्पर्धी पुढे आला आहे. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर तो दोष चुंबकत्वाला प्रकाशाने उत्तर देतो. २००८ पासून या दोषाची सुई म्हणून वापर सुरू झाला. तिचे स्वतःचे चुंबकत्व इतके नगण्य की नमुना बिघडण्याची भीती जवळजवळ उरत नाही. बिनिग यांची १९८६ सालची हिऱ्याची कणी अशी पुन्हा सुईच्या टोकावर आली. या खेपेला तिच्यातला दोष कामाचा ठरला.

गेल्या महिन्यात बहिणीला फोनवर ही ड्रेस्डेनच्या सुईची हकिकत मी सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दुसरे टोक आहेच ना?"

"आहे. लांब आहे, एवढेच."

"मग चोरीचा माल सापडला म्हणायचा," ती म्हणाली. तिच्या वाट्याचा तुकडा अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. त्याच्या दोन्ही टोकांना टाचण्या चिकटलेल्या असतात.